इंजिन बंद पडते तेव्हा : निदानाची शिस्त

ग्रामीण भागात वाहन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका, शाळेची गाडी, ग्रामपंचायतीची घंटागाडी, पाहणीसाठी फिरणारी तालुका कार्यालयाची मोटार, अशा कितीतरी चाकांवर लोकांची रोजची कामे अवलंबून असतात. यांपैकी एखादे वाहन वाटेत बंद पडले म्हणजे केवळ प्रवास खोळंबतो असे नव्हे, तर त्या प्रवासावर विसंबून असलेला रुग्ण, विद्यार्थी किंवा शेतकरी खोळंबतो. शिवाय दुरुस्तीचा खर्च सार्वजनिक निधीतून होत असल्याने, तो योग्य जागी झाला की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही आपणा सर्वांवर येते.

वाहनांच्या तक्रारींमध्ये एक तक्रार वारंवार ऐकू येते. ‘गाडी सुरू होते, पण मध्येच बंद पडते, रेस द्यावी तर घेत नाही.’ ही तक्रार जितकी सामान्य, तितकीच फसवी आहे. कारण या एका लक्षणामागे अनेक भिन्न कारणे असू शकतात आणि कारण न शोधता सुटे भाग बदलत राहण्याचा मोह येथे फार होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू वाचकांना यांत्रिक बनविण्याचा नाही. दुरुस्तीपूर्वी निदान कसे करावे आणि त्यासाठी वाहन वापरणाऱ्याने कोणती माहिती द्यावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

घाटातील पंचवीस मिनिटे

सुमारे वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. सह्याद्रीच्या कुशीतील एका तालुक्यात लसीकरण शिबिराचे वृत्त घेण्यासाठी मी गेलो होतो. परतताना आरोग्य केंद्राच्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये मला जागा मिळाली. त्याच गाडीतून बाळंतपणासाठी अडलेल्या एका भगिनीला तालुक्याच्या रुग्णालयात नेण्यात येत होते. सोबत तिच्या सासूबाई आणि आरोग्यसेविका होत्या. लांबचा प्रवास म्हणून चालकाने सकाळीच टाकी काठोकाठ भरून घेतली होती.

पंधरा-सोळा किलोमीटर गाडी निर्वेध चालली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तिने आचके देण्यास सुरुवात केली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही रेस वाढेना. शेवटी दोन-तीनदा फुरफुरून इंजिन थांबले. चालकाने चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडले, प्लग काढून पुसले, पुन्हा बसविले. इंजिन काही केल्या सुरू होईना. आत त्या भगिनीच्या कळा वाढत होत्या. पंचवीस मिनिटांनी मागून एस. टी. आली. तिच्या चालक-वाहकांनी सर्व उतारूंच्या संमतीने बस थेट रुग्णालयाच्या दारात नेली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण त्या पंचवीस मिनिटांत आरोग्यसेविकेच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मी अद्याप विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला दुरुस्तीची फाईल दाखविली. दोन महिन्यांत हीच तक्रार पाच वेळा आली होती. प्रथम प्लग बदलले गेले, मग कार्ब्युरेटर धुतला गेला, नंतर इग्निशन कॉइल आणि अखेरीस पेट्रोल पंप नवा बसविण्यात आला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या आवारात पाच मिनिटे चालवून ‘दुरुस्त’ म्हणून परत पाठविण्यात आली. काय बदलले याची पावती होती. गाडी केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत बंद पडली, हे मात्र कोणी विचारलेही नव्हते.

त्या गावात एस. टी. आगारातून निवृत्त झालेले एक वृद्ध यांत्रिक राहत होते. अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी गाडीचे लॉगबुक मागितले. चालकाला त्यांनी दोनच प्रश्न विचारले. “बाबा, गाडी निघाल्यापासून किती किलोमीटरवर बंद पडते? आणि त्या दिवशी टाकीत पेट्रोल किती असते?”

चालकाला उत्तर आठवेना, पण लॉगबुकाने ते दिले. पाचही वेळा, आणि घाटातील सहाव्या वेळीही, त्याच सकाळी टाकी पूर्ण भरलेली होती आणि गाडी पंधरा ते वीस किलोमीटरच्या आत बंद पडली होती. टाकी अर्धी असताना तीच गाडी त्याच घाटातून विनातक्रार गेल्याच्या नोंदी होत्या. पहिल्या बिघाडाच्या चार दिवस आधी किरकोळ खर्चात एक ओळ होती : ‘टाकीचे झाकण हरवले, नवीन घेतले.’

म्हाताऱ्या यांत्रिकांनी टाकी भरून घेतली, गाडी त्याच रस्त्याने नेली आणि ती बंद पडताच टाकीचे झाकण फिरविले. ‘हिस्स’ असा आवाज करीत हवा आत शिरली. मिनिटाभरात इंजिन सुरू झाले. बाजारातून आणलेले ते झाकण दिसावयास बरोबर होते; पण मूळ झाकणात हवा आत घेण्यासाठी असलेली बारीक वाट त्यात नव्हती.

एका छिद्राचे शास्त्र

शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना या प्रसंगात रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेला नियम ओळखू येईल. तापमान स्थिर असताना वायूला जितकी अधिक जागा द्यावी, तितका त्याचा दाब कमी होतो. टाकी काठोकाठ भरली असता वर समजा ३ लिटर हवेची जागा उरली. एक लिटर पेट्रोल खर्च झाले की त्याच ३ लिटर हवेला ४ लिटर जागा व्यापावी लागते आणि दाब पाऊण पटीवर येतो. उलट, टाकी अर्धी असून वर १७ लिटर हवा असेल, तर एक लिटर पेट्रोल गेल्याने ती १८ लिटर जागा व्यापते. दाबात जेमतेम पाच-सहा टक्के घट होते. पेट्रोलची वाफ ही घट काही अंशी भरून काढते हे खरे. तथापि फरकाचे स्वरूप तेच राहते. बंद टाकीतून पेट्रोल ओढणे पंपाला अशक्य होते आणि घाटात, जेथे इंजिनाला सर्वाधिक इंधन हवे, तेथेच त्याची उपासमार होते.

पूर्वीच्या बिघाडांच्या वेळी काय घडत होते, हेही आता उलगडले. गाडी थांबली की कोणीतरी पेट्रोल आहे ना, हे पाहण्यासाठी झाकण उघडी. त्यामुळे गाडी सुरू होई. श्रेय मात्र बॉनेटखाली केलेल्या खटपटीला मिळे. घाटातील त्या दिवशी टाकी नुकतीच भरल्याचे सर्वांना ठाऊक होते. म्हणून झाकण कोणीच उघडले नाही.

यांत्रिकांनी योग्य झाकण आणविले, टाकी पुन्हा भरली आणि त्याच घाटातून गाडी वर नेली. ती थांबली नाही. मग जुने झाकण लावून पुन्हा नेली, ती थांबली. दोष काढल्यावर बिघाड जातो आणि दोष परत आणल्यावर बिघाड परत येतो, एवढे दिसल्यावरच त्यांनी निदान पूर्ण झाले असे मानले.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी चार गोष्टी लागतात : पुरेशी हवा, योग्य प्रमाणात इंधन, नेमक्या क्षणी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये धरून ठेवलेला दाब. जळलेला धूर बाहेर पडण्यास मोकळी वाटही हवी. यांपैकी एकही गोष्ट अपुरी पडली की इंजिन अडखळते.

या गरजांचे प्रमाण ध्यानात घेण्याजोगे आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. फेरे ३ हजारांवर गेले की चार-टप्प्यांच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडावी लागते. स्वस्थ उभे असताना जी त्रुटी जाणवत नाही, ती वेग वाढविताना किंवा चढावर का उघडी पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

लक्षणांची भाषा

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्याला प्रश्न विचारतो. वाहनाच्या बाबतीतही तसेच केले पाहिजे. इंजिन कसे थांबले, हा पहिला प्रश्न. किल्ली फिरवून बंद करावे तसे ते एकाएकी थांबले, तर संशय प्रथम विजेच्या मार्गावर घ्यावा : सैल जोडणी, कॉइल किंवा इंजिनाचे फेरे मोजणारा सेन्सर. फुरफुरत, आचके देत, हळूहळू थांबले तर प्रथम इंधनाचा मार्ग पाहावा.

दुसरा प्रश्न, कोणत्या स्थितीत? पाय उचलताच बंद पडते, पण रेस दिल्यावर नीट चालते, असे असेल तर थ्रॉटलच्या झडपेवरील काजळी किंवा फाटलेल्या रबरी नळीतून शिरणारी जादा हवा हे कारण संभवते. मंद गतीत इंजिन मुळातच थोडी हवा घेते; त्यामुळे चोरून शिरलेली थोडी हवाही मिश्रण बिघडविते. याउलट, उभ्याने नीट चालते पण रेस घेत नाही, असे असेल तर इंधनाचा गाळलेला फिल्टर, थकलेला पंप, चोंदलेला एअर फिल्टर किंवा अडलेला सायलेन्सर यांचा विचार करावा. केवळ गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, असे असल्यास कॉइल, सेन्सर व पंप हे विजेवर चालणारे भाग गरम असतानाच तपासावे लागतात.

तिसरा प्रश्न धुराचा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अधिक. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी दिसणारी पांढरी वाफ स्वाभाविक असते. पण इंजिन तापल्यानंतरही ती दाट येत राहिली, तर थंड करणारे पाणी आत शिरत असल्याची शंका घ्यावी.

तपासणीचा क्रम

निदानात सोप्याकडून अवघडाकडे आणि बिनखर्चाच्या तपासणीकडून खर्चाच्या तपासणीकडे जावे.

हवा : एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. शेतावर किंवा गोदामात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर फिल्टरच्या पेटीत चिंध्या व गवत भरतात. रबरी नळ्यांना चिरा आहेत का, इंजिन चालू असताना कोठे ‘सूं’ आवाज येतो का, हे पाहावे.

इंधन : नव्या बनावटीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत किल्ली फिरविताच टाकीतील विजेचा पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. हा आवाज आला नाही, तर फ्यूज आणि रिले आधी तपासावे. पंप लगेच बदलू नये. आवाज आला तरी दाब पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही. तो दाबमापकाने मोजून घ्यावा लागतो. टाकीची श्वासनलिका मोकळी आहे का, हेही पाहावे. कुंभारीण माशी अशा नळ्यांत मातीचे घर बांधते, हा ग्रामीण भागातील नेहमीचा अनुभव आहे.

ठिणगी : प्लगचे टोक बोलके असते. फिकट तपकिरी रंग समाधानकारक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. पांढरे पडलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. ओले टोक म्हणजे ठिणगी पडतच नाही. चालू इंजिनाची प्लगची तार हाताने ओढून पाहण्याची जुनी सवय सोडून द्यावी. तेथे हजारो व्होल्टचा दाब असतो.

धुराची वाट : नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ साली प्रथम चार महानगरांत सक्तीचा झाला आणि पुढे तो सर्वत्र आला. त्यातील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी वितळली किंवा तुटली, तर धूर कोंडतो आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर जातच नाही. इनटेक नळीतील निर्वात मोजणाऱ्या मापकावर हे कळते. सुमारे अडीच हजार फेऱ्यांवर इंजिन स्थिर ठेवले असता काटा हळूहळू खाली येऊ लागला, तर वाट अडलेली आहे असे समजावे.

या चारही गोष्टी ठीक असतील तर सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. गळती झडपांची असो वा पिस्टनच्या रिंगांची, तिचे काम मोठ्या दुरुस्तीचे असते. म्हणून ही तपासणी शेवटी.

डिझेल गाड्यांत प्लगच्या ठिणगीचा प्रश्न नसतो. तेथे इंधनात शिरलेली हवा, फिल्टरमधील पाणी आणि, एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या अनेक गाड्यांत, धुरातील काजळी गाळणारी जाळी या जागा प्रथम पाहाव्यात. रोज अगदी थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत ही जाळी तापून स्वच्छ होऊ शकत नाही आणि गाडी जोर देईनाशी होते.

संगणकाची साक्ष

कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आल्यापासून इंजिनाचा कारभार एक छोटा संगणक पाहतो. बिघाड जाणवला की तो पुढच्या फलकावर दिवा लावतो आणि सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. चालकाच्या पायांजवळील १६ पिनांच्या जोडणीला यंत्र लावून हा क्रमांक वाचता येतो. ही सोय मोठी आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. क्रमांक ही साक्ष आहे, निवाडा नव्हे.

उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ हा क्रमांक ‘मिश्रणात पेट्रोल कमी पडते’ एवढेच सांगतो. ते फाटक्या नळीमुळे, थकलेल्या पंपामुळे की चोंदलेल्या फिल्टरमुळे, हे तो सांगत नाही. तरीही क्रमांक दिसताच महागडा सेन्सर बदलण्याचा प्रघात पडला आहे. वीस वर्षांपूर्वी प्लग आणि कॉइल अंदाजाने बदलली जात. आज सेन्सर अंदाजाने बदलले जातात. साधन बदलले, चूक तीच राहिली. काही वेळा तर गंभीर दोष आढळल्यामुळे संगणक स्वतःच इंजिनाला रेस घेऊ देत नाही. अशा वेळी रेस न घेणे हा रोग नसून संरक्षणाचा उपाय असतो.

इंधनातील बदल

आपल्या राज्यातील ऊस उत्पादकांशी संबंधित असा एक बदल येथे नमूद केला पाहिजे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते. टाकीत पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पंप नेमका तोच थर ओढतो. पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असणे, गाडी महिनोन् महिने उभी न ठेवणे आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळोवेळी पाहणे, यांचे महत्त्व यामुळे वाढले आहे. पेट्रोल भरल्यावर लगेच तक्रार सुरू झाल्यास थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत, ज्वालेपासून दूर, काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर कारण सापडले.

रस्त्यात काय करावे

चालत्या गाडीचे इंजिन थांबले की ब्रेक जड होतात. साठलेल्या निर्वाताच्या बळावर एक-दोनदाच हलके लागतात. स्टिअरिंगही जड होते. म्हणून घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबावा आणि गाडी कडेला घ्यावी. धोक्याचे दिवे लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा, चढावर चाकांना दगड लावावेत आणि निघताना ते दगड रस्त्यावरून आठवणीने दूर करावेत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी कधीही करू नये; धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीत रुग्ण असेल तर दुरुस्तीत वेळ न घालविता प्रथम पर्यायी वाहन मागवावे. निदान नंतरही करता येते.

कार्यालयाने करावयाच्या चार गोष्टी

पहिली, लॉगबुकात बिघाडासाठी स्वतंत्र जागा ठेवावी. तारीख, निघाल्यापासूनचे अंतर, चढ की सपाटी, इंजिन थंड की गरम, टाकीतील इंधन, थांबण्याची रीत आणि पुन्हा सुरू होण्यास लागलेला वेळ, अशा सात नोंदी पुरेत. दुसरी, गाडी गॅरेजला पाठविताना ‘दुरुस्ती करावी’ असे मोघम पत्र न देता या नोंदींची प्रत सोबत द्यावी. तिसरी, कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो सदोष असल्याचे कोणत्या तपासणीवरून ठरले, हे लेखी घ्यावे आणि जुना भाग परत मागावा. चौथी, ज्या परिस्थितीत बिघाड झाला त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहिल्याखेरीज ‘दुरुस्त’ असा शेरा देऊ नये. घाटात बंद पडणारी गाडी गॅरेजच्या आवारात चांगली चालली, याने काहीही सिद्ध होत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला स्वतंत्र तरतूद लागत नाही; लागते ती सवय. त्या व्हॅनचे निदान लॉगबुकाच्या पानांत दोन महिने लिहिलेले पडून होते. चालकाने ते प्रामाणिकपणे लिहिले होते, वरिष्ठांनी त्यावर नियमाने सह्या केल्या होत्या. फक्त ते कोणी वाचले नव्हते. आपल्या कार्यालयातील गाडीचे लॉगबुक पुढच्या वेळी सहीसाठी समोर येईल, तेव्हा सहीपूर्वी मागील चार पाने जरूर चाळावीत.